धान्यातल्या जुळ्या गांधीलमाश्या: गुणसूत्रं मोजून प्रजाती वेगळ्या कशा करायच्या

चवळीच्या डब्याचं झाकण उघडलं की भुंग्यांबरोबर कधीकधी दोन-तीन मिलिमीटरची काळसर माशी भुर्रकन वर येते. घरातले तिला चिलट म्हणतात. खरं तर ती गांधीलमाशी असते, आणि तिला तुमच्या चवळीत काडीचाही रस नसतो. दाण्याच्या आत पोखरत बसलेल्या अळीला डंख मारून लुळं करायचं, तिच्या अंगावर अंडं घालायचं आणि आपल्या पिल्लाने ती अळी फस्त करायची, असा तिचा संसार. धान्याच्या किडींवर जगणाऱ्या अशा माश्यांमध्ये अॅनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री हे नाव जगभर गाजलेलं आहे. तिचं वर्णन 1881 मध्ये झालं. कॅलँड्रा हे तांदळातल्या सोंड्याचं जुनं शास्त्रीय नाव, त्यावरून हे नाव पडलं.

पुढची शंभराहून जास्त वर्षं ही एकच प्रजाती मानली जात होती. मग मॉस्कोतल्या व्लादिमिर गोखमन आणि सहकाऱ्यांनी स्लाईडवर तिची गुणसूत्रं मोजली. काही माश्यांच्या नरात 7 निघाली, काहींच्या नरात 5. 1998 मध्ये त्यांनी लिहिलं की या एका नावाखाली दोन प्रजाती आहेत. 5 वालीला स्वतंत्र नाव मिळालं ते 2014 मध्ये: अॅनिसोप्टेरोमॅलस क्विनेरियस. नावातच पाच आहे. बाहेरून दोघी इतक्या सारख्या की ओळखायला अंगाच्या मापांची गुणोत्तरं काढत बसावं लागतं. सवयी मात्र वेगळ्या. 7 वालीचा ओढा सोंड्यांकडे, 5 वालीचा ड्रगस्टोअर बीटलकडे, म्हणजे मसाले आणि वाळलेल्या औषधी पोखरणाऱ्या त्या बारीक तपकिरी भुंग्याकडे.

हे वाचल्यावर मुंबईकराच्या डोक्यात पहिला प्रश्न यायला हवा तो असा: मशीद बंदरच्या दाणा बंदरातली माशी आणि लालबागच्या मिरची गल्लीतली माशी एकच का? एम.एस्सी.च्या प्रकल्पाला इतका सरळ प्रश्न सहज मिळत नाही. याच प्रश्नाला धरून पुढचं सगळं लिहिते आहे. पद्धत मात्र कुठल्याही छुप्या, म्हणजे बाहेरून दुसरीसारखीच दिसणाऱ्या, प्रजातीला लागू पडेल.

आधी माशी मिळवा

दुकानदाराकडे चांगला माल मागू नका. तुम्हाला हवी असते झाडलोट, फाटक्या पोत्याच्या तळाशी राहिलेला चुरा. पहिल्यांदा गेले तेव्हा एका माथाडी दादांनी विचारलं, "ताई, याचं करणार काय?" मी सांगितलं, "यातले किडे पाळणार." त्यांनी मला दोन पिशव्या भरून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. वाशीच्या बाजारात दाणा मार्केट आणि मसाला मार्केट जवळजवळ असल्याने एकाच फेरीत दोन्हीकडचे नमुने मिळतात. लालबागला एप्रिल-मे टाळा. मसाला कुटायच्या मोसमात तिथे उभं राहायला जागा नसते, आणि तुमच्या झाडलोटीसाठी कुणाला वेळही नसतो.

प्रत्येक नमुना वेगळ्या बरणीत, तोंडावर मलमलीचं कापड, आणि चिठ्ठीवर जागा, तारीख, धान्य किंवा मसाला, सापडलेला भुंगा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

बरणीतून जी माशी निघेल ती आपलीच असेल असं धरून चालू नका. कडधान्यात आपल्याकडे डायनार्मस बेसॅलिस भरपूर सापडते आणि ती वरवर सारखीच दिसते. तांदूळ-गव्हात थिओकोलॅक्स एलिगन्स आणि लॅरिओफॅगस निघतात. पिठाच्या पतंगाच्या अळ्या असतील तर हॅब्रोब्रॅकॉन हेबेटर येते. तिच्या लांब शृंगिका आणि नाजूक बांधा पाहून ती लगेच वेगळी काढता येते. वंशापर्यंतची (जीनसपर्यंतची) ओळख स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली किल्ली, म्हणजे लक्षणं एकेक तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता, घेऊन करा, आणि एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत अशा माश्यांचे अभ्यासक आहेत. चुकीच्या वंशाची गुणसूत्रं अचूक मोजून काय मिळणार?

एक आई, एक वंशरेषा

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात. लोक बरणीतल्या वीस माश्या घेतात, दहांचा डीएनए काढतात, दहांच्या पिल्लांच्या स्लाईड करतात. शेवटी हातात दोन याद्या येतात आणि कुठला डीएनए कुठल्या गुणसूत्रांचा हे कुणालाच सांगता येत नाही. बरणीत दोन प्रजाती मिसळलेल्या असतील तर सगळंच मुसळ केरात. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीचं अख्खं सत्र असं वाया गेलं, आणि चूक तिची नव्हती, मीच तिला नीट सांगितलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक मादी वेगळ्या काचेच्या नळीत ठेवा आणि तिची संतती ही एक वंशरेषा माना. तिला साधं नाव द्या: दाणा-1, दाणा-2, मिरची-1. पुढे स्लाईड असो, डीएनएची नळी असो, टाचणीला टोचलेली माशी असो, सगळ्यांवर तेच नाव.

पाळण्यासाठी यजमान भुंगा लागतो, म्हणजे ज्याच्या अळीवर माशीचं पिल्लू वाढतं तो. चवळीतला भुंगा पाळायला सगळ्यात सोपा. चवळी आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आधीच्या किडी मरतील. मग बाहेर काढून कोरडी होऊ द्या, भुंगे सोडा आणि तीन-चार दिवसांनी काढून घ्या. पंधरा-अठरा दिवसांत दाण्याच्या सालीवर गोल, अंधुक खिडकी दिसू लागते, म्हणजे आतली अळी पूर्ण वाढली. असे पंधरा-वीस दाणे एका मादीला द्या. खिडकी नसलेले दाणे देऊन माशी अंडी घालत नाही म्हणून रडत बसू नका. मसाल्यातून आलेल्या वंशरेषेने चवळीकडे पाठ फिरवली तर तिला धणे किंवा हळकुंडातला तिचाच भुंगा द्या, आणि ही नापसंती वहीत नोंदवा. तीही माहितीच आहे.

तापमान 28 ते 30 अंश, आर्द्रता 70 ते 75 टक्के. इनक्युबेटर नसेल तर झाकणबंद डब्यात खायच्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, आतली हवा 75 टक्क्यांच्या आसपास राहते. मुंबईच्या उकाड्यात साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी बाहेर येते. पुस्तकांत एकेक दाणा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये ठेवायला सांगतात. ते इथे जून ते सप्टेंबर विसरा, कॅप्सूल मऊ पडून दाण्याला चिकटतात. छोट्या काचेच्या नळ्या आणि कापसाचे बोळे बरे. पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे कोळीवर्गातले बारीक माइट्स. पायमोटिस शिरला तर अख्खी बरणी मारतो आणि तुमच्या हातालाही खाज सुटते. अशी बरणी वाचवायचा मोह धरू नका, सरळ फ्रीझरमध्ये टाका.

गुणसूत्रांची स्लाईड

आजकाल प्रत्येकाला थेट सिक्वेन्सिंगला पाठवायची घाई असते. माझं मत उलटं आहे. 5 की 7 हा प्रश्न कॉलेजच्या 100 एक्स ऑइल इमर्शनच्या मायक्रोस्कोपवर, काही शे रुपयांच्या रसायनांत सुटतो. त्यासाठी लागतो तो हात, आणि हात बसायला पन्नास स्लाईड खराब कराव्या लागतात. त्या आधी भरपूर असलेल्या माश्यांवर करा, दुर्मीळ वंशरेषेवर नको.

आधी एक सोय समजून घ्या. या माश्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. म्हणजे मादीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, नराच्या पेशीत एकच. आपल्या प्रश्नात स्लाईडवर चारच आकडे अपेक्षित आहेत: 5 किंवा 10, 7 किंवा 14. आणि नर न भेटलेली कुमारी मादी फक्त मुलगेच देते. तिला वेगळी ठेवून तिच्या पिल्लांच्या स्लाईड केल्या की प्रत्येक स्लाईडवर एकेरी संच मिळतो. जोड्या लावायच्या नाहीत, गर्दी कमी, मोजणी सोपी. सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्यांना ही चैन नाही.

पेशी घ्यायच्या त्या कोषात जाण्याच्या बेतात असलेल्या माशीच्या अळीच्या मेंदूतून, कारण तिथे विभाजन जोरात चालू असतं. दाणा फोडून पाहा. अळी पांढरी, स्थिर आणि तिच्याजवळ काळे मलकण पडलेले असतील तर वेळ बरोबर आहे. डोळे लालसर दिसू लागले की उशीर झाला. अंडं घातल्यापासून साधारण सहाव्या ते आठव्या दिवसात ही वेळ येते, पण दिवसांपेक्षा मलकणांवर विश्वास ठेवा.

मी वापरते ती पद्धत मुळात मुंग्यांसाठी इमाई आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेली. 1 टक्का सोडियम सायट्रेटच्या द्रावणात 0.005 टक्के कोल्चिसिन मिसळा. त्या थेंबात बारीक सुयांनी डोक्याकडचा भाग फोडून मेंदूचे दोन गोळे बाहेर काढा. ते वीस-तीस मिनिटं तिथेच राहू द्या. सायट्रेटने पेशी फुगतात आणि कोल्चिसिनने विभाजन मधेच थांबतं. कोल्चिसिन विषारी आहे, हातमोजे घाला आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. श्रावणात सह्याद्रीत आणि बोरिवलीच्या जंगलात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आठवते? तिच्यात हेच द्रव्य असतं.

नंतर मेंदू स्वच्छ स्लाईडवर घ्या, स्लाईड तिरकी करून पाणी निथळा. पहिलं स्थिरक, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण: ग्लेशियल अॅसिटिक आम्ल, अॅब्सोल्यूट अल्कोहोल आणि ऊर्ध्वपातित पाणी, प्रमाण 3:3:4. दोन थेंब टाका आणि सुयांनी ऊती झटपट विस्कटा, पीठ विस्कटावं तशी, गोळा राहता कामा नये. लगेच दुसरं स्थिरक, आम्ल आणि अल्कोहोल 1:1, मधोमध दोन थेंब. कडेचं द्रव टिपकागदाने ओढून घ्या. शेवटी एक-दोन थेंब निव्वळ ग्लेशियल आम्ल. स्लाईड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या. स्थिरकं त्याच दिवशी बनवा, कालचं स्थिरक वापरून काटकसर होत नाही.

पावसाळ्यात हे वाळणंच डोकेदुखी. हवेत इतकं पाणी असतं की स्लाईडवर धुकं बसतं. एसी चालू असलेल्या खोलीत काम करा आणि नंतर सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा. एसी फक्त प्राचार्यांच्या केबिनला असलेली कॉलेजंही आहेत, तिथे स्लाईडचं काम डिसेंबर-जानेवारीत उरका.

रंगासाठी 4 टक्के गिम्सा, 6.8 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ताजा बनवलेला. वीस-तीस मिनिटांनी धुऊन पाहा, फिका वाटला तर पुन्हा बुडवा.

आता मोजणी. एका पिल्लाच्या किमान दहा चांगल्या पेशी आणि एका वंशरेषेची किमान पाच पिल्लं. एकावर एक चढलेली दोन गुणसूत्रं एक दिसतात, फुटलेल्या पेशीतून एखादं वाहून जातं. त्यामुळे 9 आणि 13 हे आकडे तुम्हाला नक्की भेटतील. त्यांना नवा शोध समजू नका. कधीकधी पेशीत संच दुप्पट झालेला असतो, तेही चालतं. जो आकडा वारंवार येतो तो खरा. मोजणाऱ्याला वंशरेषेचं नाव कळू देऊ नका. मैत्रिणीकडून स्लाईडवर पट्टी चिकटवून घ्या. एकदा 7 अपेक्षित आहेत हे डोक्यात बसलं की डोळे 7 च शोधतात.

आकड्यापाशी थांबायचं नाही. चांगल्या पेशींचे फोटो काढून प्रत्येक गुणसूत्राच्या दोन बाहूंची, म्हणजे आवळलेल्या जागेच्या दोन बाजूंची, लांबी मोजा आणि लांब बाहूला आखूड बाहूने भागा. भागाकार 1.7 पर्यंत असेल तर मेटासेंट्रिक (बाहू जवळजवळ सारखे), 3 पर्यंत सबमेटासेंट्रिक, 7 पर्यंत सबटेलोसेंट्रिक, त्यापुढे अॅक्रोसेंट्रिक (एक बाहू अगदीच आखूड). यातून गुणसूत्रं जुळली की तुटली याचा अंदाज येतो. समजा, एका वंशरेषेत दोन लहान गुणसूत्रं आहेत आणि दुसरीत त्यांच्याऐवजी एक मोठं, तर जुळणीचा संशय घ्यायला जागा आहे. लॅरिओफॅगस डिस्टिंग्वेंडस या धान्यातल्याच दुसऱ्या माशीतही एका नावाखाली 5 आणि 6 असे दोन आकडे निघाले आहेत.

पण उलटीही बाजू आहे. नासोनिया या दुसऱ्या एका गांधीलमाश्यांच्या वंशात विट्रिपेनिस, लाँगिकॉर्निस आणि जिराउल्टी या तिन्ही प्रजातींची संख्या 5 च आहे, तरी त्या वेगळ्या आहेत. म्हणजे आकडा वेगळा निघाला तर मोठा धागा हाती आला, आकडा सारखा निघाला तर काहीच सिद्ध झालं नाही.

लग्नं लावून पाहणं

दोन वंशरेषा एकमेकींशी वीण करतात का, हे पाहायला चार प्रकारच्या जोड्या लागतात: दाणाची मादी आणि दाणाचा नर, मिरचीची मादी आणि मिरचीचा नर, आणि मग दोन्ही बाजूंनी मिश्र. प्रत्येकी किमान वीस जोड्या. घरच्या घरातल्या जोड्या हव्यातच, नाहीतर मिश्र जोडीला मुली झाल्या नाहीत तेव्हा दोष वेगळेपणाचा की तुमच्या इनक्युबेटरचा, हे कळणार नाही. माद्या कुमारी असाव्यात म्हणून दाणे एकेक करून वेगळ्या नळीत ठेवा आणि बाहेर आल्याच्या दिवशीच जोडी लावा.

वाचायचं ते मुलींवरून. मुलगे बापाशिवायही होतात, त्यामुळे पिल्लं झाली म्हणजे वीण झाली असं नाही. मिश्र जोडीतून फक्त मुलगे आले तर तीन शक्यता. पहिली, खरंच फलन झालं नाही किंवा संकर भ्रूण मेले. दुसरी, वोल्बाकिया नावाचा जीवाणू. नर बाधित आणि मादी निरोगी असेल, किंवा दोघांत वेगवेगळे वोल्बाकिया असतील, तर फलित अंड्यातली बापाची गुणसूत्रं वाया जातात. प्रजाती एकच असली तरी हे घडू शकतं. म्हणून दोन्ही वंशरेषांची वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकासाठी पीसीआर चाचणी (डीएनएचा ठरावीक तुकडा असंख्य प्रतींत वाढवून पाहणं) करा. पट्टी साधारण 600 बेसच्या आसपास दिसते. बाधा सापडली तर मधातून टेट्रासायक्लिन द्या, दोन पिढ्या जाऊ द्या, पुन्हा तपासा आणि मग जोड्या नव्याने लावा. तिसरी शक्यता क्वचितची पण माझी आवडती: नासोनिया विट्रिपेनिसच्या काही नरांत पीएसआर नावाचं एक जादा गुणसूत्र असतं. ते बापाची बाकीची सगळी गुणसूत्रं नष्ट करतं आणि स्वतः तेवढं शिल्लक राहतं. मुलगी व्हायची तो मुलगा होतो, आणि तो पुढे तेच गुणसूत्र वाटत फिरतो. इतका स्वार्थी पाहुणा दुसरा नाही.

मुली झाल्याच तर त्या खरोखर संकर आहेत का हे स्लाईडवर कळतं: 5 आणि 7 मिळून 12. अशा मुलींना कुमारी ठेवून त्यांचे मुलगे मोजा. एकेरी संचाच्या मुलग्यात झाकपाक करायला दुसरी प्रत नसते, त्यामुळे दोन प्रजातींच्या जनुकांचं न पटणं तिथे उघडं पडतं. नासोनियाच्या संकर मुलींचे मुलगे मोठ्या संख्येने मरतात ते याचमुळे.

डीएनए

इथे मी थोडक्यात आवरते, कारण प्रयोगशाळेत कुणीतरी हे रोज करतच असतं. अख्खी माशी प्रथिनं विरघळवणाऱ्या प्रोटिनेज-केच्या द्रावणात 56 अंशांवर रात्रभर ठेवा. डीएनए द्रावणात उतरतो आणि माशीचं कवच शाबूत राहतं. ते धुऊन टाचणीवर चढवा. मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा 658 बेसचा तुकडा 1994 पासून वापरात असलेल्या एलसीओ 1490 आणि एचसीओ 2198 प्रायमरांनी (पीसीआरमध्ये तुकड्याची दोन टोकं पकडणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांनी) मिळतो. त्याच्या जोडीला केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस-2 किंवा 28 एस हा भाग घ्याच. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतो आणि वोल्बाकियाही. त्यामुळे जीवाणू एखाद्या समूहात पसरला की त्याच्याबरोबर एकच सीओआय सगळीकडे पसरतो आणि खोटं चित्र उभं करतो. कधी प्रायमर वोल्बाकियाचाच तुकडा वाढवतात. म्हणून आलेला सिक्वेन्स डेटाबेसमध्ये टाकून आधी तो कीटकाचाच आहे ना ते पाहा. मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन बनणं थांबवणारी खूण, आला तर तो केंद्रकात शिरलेला मायटोकाँड्रियाचा जुना तुकडा आहे, काढून टाका. नर निवडा, एकेरी संचामुळे केंद्रकातल्या जनुकांचं वाचन स्वच्छ येतं.

दोन टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा नियम कुणी सांगितला तर मान डोलवा आणि पुढे चला. सीओआयमधला फरक, केंद्रकातला फरक, गुणसूत्रांचा आकडा आणि विणीतला अडथळा हे चारही एकाच वंशरेषांमध्ये एकाच ठिकाणी दुभंगतात का, एवढंच पाहायचं.

कागदपत्रं आणि डबा

अॅब्सोल्यूट अल्कोहोल कॉलेजच्या स्टोअरमधून घ्या आणि बाटली घेऊन लोकलमध्ये चढू नका, ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेत न्यायला बंदी आहे. बाजारातून जिवंत बरणी आणा आणि अल्कोहोलमध्ये टाकण्याचं काम प्रयोगशाळेत करा. पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या माश्यांपर्यंत पोहोचलात तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. नमुने किंवा डीएनए परदेशी सहकाऱ्याला पाठवायचा असेल तर 2002 चा जैवविविधता कायदा लागू होतो, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांनुसार अर्ज करा. कुरियरवाल्याला विचारून हे ठरवू नका.

प्रत्येक वंशरेषेची आई, दोन मुलगे आणि दोन मुली टाचणीवर, बाकीच्या अल्कोहोलमध्ये उणे 20 अंशांवर, आणि स्लाईड लाकडी पेटीत सिलिका जेलसह. पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात किंवा बेंगळुरूला एक संच जमा करा आणि त्यांनी दिलेला क्रमांक वहीत, स्लाईडवर आणि सिक्वेन्सच्या फाईलच्या नावातही लिहा. माझ्या पेटीतली एक चिठ्ठी अशी आहे: मिरची-4, लालबाग, धण्यातला भुंगा, कुमारी आई, मुलगा क्रमांक 3, पेशी 12. आणि खाली पेन्सिलीने विद्यार्थिनीच्या अक्षरात: पुन्हा मोजणे.